गाडी थांबते तिथून लिहायला घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: 1950च्या दशकातल्या कमी पैशांच्या वेस्टर्नपटांत स्टेजकोचमधले, म्हणजे घोडे जुंपलेल्या प्रवासी गाडीतले, चार-सहा प्रवासी, तीन दरोडेखोर आणि दोन-तीन जागा, एवढ्यावर सव्वा तास जीव टांगणीला लागतो. पडद्यावर खर्च तर कुठेच दिसत नाही. मग भीती येते कुठून? आणि अशा चित्रपटाची पटकथा लिहायची तर हात कुठून घालायचा?

मी संकलक आहे. 28 वर्षं हेच काम करतोय आणि त्यातले बहुतेक चित्रपट मोजक्या पैशांत झालेले. या जातीचे वेस्टर्नपट मी आवड म्हणून पाहायला लागलो, नंतर अभ्यास म्हणून एकेक शॉट मोजत पाहिले. माझं उत्तर एका वाक्यात सांगता येतं: धावणारी गाडी महाग असते, थांबलेली गाडी स्वस्त असते, आणि भीती थांबलेल्या गाडीतच असते. ज्या दिग्दर्शकांना हे उमगलं त्यांचे चित्रपट टिकले.

‘स्टेजकोच’ या नावातलं ‘स्टेज’ म्हणजे टप्पा. आपल्याकडे आरटीओच्या कागदावर एसटीला ‘टप्पा वाहतूक’ म्हणतात, तोच हा टप्पा. साधारण 10 ते 20 मैलांवर एक ठाणं, तिथे दमलेले घोडे सोडायचे, ताजे जोडायचे, मिळालं तर खायचं आणि पुढे निघायचं. बटरफिल्ड कंपनीची टपालगाडी 1858 ते 1861 या काळात मिसिसिपीच्या बाजूहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे 2800 मैलांचा पल्ला जवळपास 25 दिवसांत गाठायची. रात्रंदिवस. म्हणजे प्रवासी 25 दिवस गाडीत अवघडून बसायचे आणि प्रत्येक ठाण्यावर त्यांना एकच गोष्ट कळायची नाही: पुढचं ठाणं जागेवर आहे की नाही. अख्ख्या कथाप्रकाराचं मूळ इथे आहे. गाडी ही सुरक्षित जागा नव्हे आणि ठाणंही नव्हे. दोन्हींच्या मधली जमीन कुणाचीच नाही.

आता एक चित्रपट धरून बोलू, कारण हवेत बोलून काही हाती लागत नाही. 1957चा ‘द टॉल टी’. दिग्दर्शक बड बेटिकर, पटकथा बर्ट केनेडी, मूळ कथा एल्मोर लेनर्डची, नायक रँडॉल्फ स्कॉट. लांबी 78 मिनिटं. बेटिकर-स्कॉट या जोडगोळीचे त्या काळातले चित्रपट दोन-तीन आठवड्यांत चित्रित व्हायचे. 2000 साली या चित्रपटाची अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत, नोंद झाली. चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा हिल्समध्ये झालं. गोल गोल ग्रॅनाइटचे धोंडे आणि मागे सिएरा नेवाडाचे सुळके. हॉलिवूडनं ही जागा इतकी वापरली की 1939च्या ‘गंगा दीन’मध्ये हेच खडक आपल्या वायव्य सरहद्दीचे डोंगर म्हणून उभे राहिलेत. तुमच्या आजोबांनी तो चित्रपट पाहिला असेल तर त्यांनी खैबरच्या नावाखाली कॅलिफोर्निया पाहिला.

गोष्ट अशी. ब्रेनन नावाचा एकटा रँचवाला गावाकडे निघालाय. वाटेत ठाण्यावर थांबतो. ठाणेदाराचा, म्हणजे ते ठाणं सांभाळणाऱ्याचा, लहान मुलगा त्याला गावातून खायच्या पट्टेदार गोड गोळ्या आणायला सांगतो. गावात ब्रेनन गोळ्या घेतो. मग जुन्या मालकाकडे जाऊन बैलावर बसण्याची पैज लावतो, हरतो, घोडा गमावतो आणि खोगीर खांद्यावर टाकून पायी निघतो. हे सगळं हसत-खेळत चाललेलं असतं. वाटेत एक स्टेजकोच त्याला घेतो. ती नेहमीची गाडी नव्हे, एका नवविवाहित जोडप्यानं खास भाड्यानं ठरवलेली गाडी. संध्याकाळी ठाण्यावर पोहोचतात तर तिथे तीन बंदूकवाले दबा धरून बसलेत. त्यांना टपालाची गाडी लुटायची होती, चुकीच्या गाडीवर झडप पडली. गाडीवान बंदुकीकडे हात नेतो आणि मारला जातो. ब्रेनन ठाणेदार आणि मुलाची चौकशी करतो. कळतं की दोघेही विहिरीत आहेत.

इथे थांबा आणि विचार करा. विहिरीत काय आहे हे आपल्याला दाखवलेलं नाही. कॅमेरा आत डोकावत नाही. ज्या मुलासाठी गोळ्या घेतल्या तो त्या काळोखात आहे, एवढं एका वाक्यात कळतं. या दृश्याला खर्च किती आला असेल? विहिरीचा कठडा आणि एक वाक्य. पण त्या वाक्याची किंमत आधीच्या सगळ्या हसऱ्या दृश्यांनी भरून ठेवलेली आहे. बैलाची पैज, गोळ्या, खोगीर घेऊन चालणं, यातलं काहीही ‘टाइमपास’ नव्हतं. मी नव्या संकलकांना हा चित्रपट दाखवतो तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, पहिला भाग कापून छोटा करता आला असता. कापून पाहा. विहीर नुसती विहीर उरते.

पुढची वळणं आणखी स्वस्त आणि आणखी भयंकर. नवरा स्वतःचा जीव वाचावा म्हणून दरोडेखोरांना सांगून टाकतो की माझी बायको श्रीमंत बापाची मुलगी आहे, तांब्याच्या खाणीचा मालक आहे तो, खंडणी मागा. 50,000 डॉलरचा आकडा ठरतो. म्हणजे संकट बाहेरून आलं खरं, पण त्याला दार उघडून आत घेतलं ते गाडीतल्याच माणसानं. हे या कथाप्रकाराचं सोनं आहे. लोक समजतात, प्रवासी विरुद्ध दरोडेखोर असा सामना असतो. चांगल्या चित्रपटात तो प्रवासी विरुद्ध प्रवासी असतो. दरोडेखोर फक्त दिवा जवळ आणतात, चेहरे आपोआप दिसतात.

आणि खलनायक. रिचर्ड बूननं केलेला अशर हा मला या प्रकारातला सर्वांत नीट लिहिलेला गुंड वाटतो. त्याला स्वतःची जमीन हवी आहे, छोटंसं घर हवं आहे. सोबतच्या दोघा पोरांची त्याला किळस येते, गप्पा मारायला त्याला ब्रेननच हवा असतो. ब्रेननचं डोकं झोपडीच्या बुटक्या दाराला आपटतं तेव्हा तो मनापासून हसतो. हाच माणूस नवऱ्याला ‘जा, तू मोकळा आहेस’ म्हणतो आणि पाठीत गोळी घालायला लावतो. बजेट कमी असेल तेव्हा वीस गुंड उभे करू नका. एक उभा करा, ज्याच्याशी गप्पा माराव्याशा वाटतील. त्याला पाच मिनिटं बोलू द्या. वीस जणांच्या घोड्यांचं भाडं वाचतं आणि भीती दुप्पट होते.

धावणारी गाडी महाग का पडते तेही सांगतो, कारण पटकथा लिहिताना हे कुणी सांगत नाही. कोचला चार किंवा सहा घोडे. सहा असतील तर तीन जोड्या: पुढची जोडी वाट दाखवणारी, मधली साथ देणारी, चाकाजवळची सर्वांत दणकट, कारण उतारावर गाडीचा भार तीच पेलते. असा लवाजमा एका टेकसाठी पळवला की तो पुन्हा आधीच्या जागी आणायचा म्हणजे लांब वळसा. घोड्यांना दम घेऊ द्यायचा. धुरळा खाली बसू द्यायचा. जमिनीवर उठलेल्या चाकांच्या खुणा पुसायच्या. तोवर ऊन सरकलेलं असतं.

आमच्या एका जुन्या काळावरच्या चित्रपटात बैलगाड्यांचा तांडा घाट उतरतो आणि वाटेत अडवला जातो, असं पाच पानांचं दृश्य होतं. दोन दिवस फक्त गाड्या चालवण्यात गेले. त्यातला अर्धा दिवस वाया गेला कारण जनरेटर व्हॅनच्या टायरचे माग चक्क फ्रेमच्या मधोमध होते आणि ते दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या चार तासांत अडवल्यानंतरचे शॉट घाईघाईनं उरकले. संकलनाच्या टेबलावर दृश्य साडेतीन मिनिटांचं झालं. त्यात चालत्या गाड्यांचे शॉट मोजले: 22 सेकंद. दोन दिवस 22 सेकंदांसाठी आणि चार तास तीन मिनिटांसाठी. ज्या चेहऱ्यांवर दृश्य उभं होतं त्यांचे दुसरे टेकसुद्धा माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून मी लेखकाला आधी विचारतो: गाडी कुठे थांबते?

खऱ्या दरोडेखोरांनाही हे पक्कं माहीत होतं. चार्ल्स बोल्स नावाचा माणूस, ‘ब्लॅक बार्ट’ म्हणून गाजलेला. 1875 ते 1883 या आठ वर्षांत त्यानं कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या बाजूला वेल्स फार्गो कंपनीचा ऐवज नेणाऱ्या 28 गाड्या लुटल्या. पायी. एकही गोळी न झाडता. तो जागा निवडायचा ती चढावाची, जिथे घोडे दमून चालीवर येतात. गाडी तिथे जवळपास आपणहून थांबलेलीच असते. डोक्यावर पिठाचं पोतं, त्याला डोळ्यांपुरती भोकं. आणि पहिल्या दरोड्यात त्यानं झुडपांत काठ्या अशा रोवल्या होत्या की गाडीवाल्याला वाटावं, दहा बंदुका आपल्यावर रोखल्यात. शेवटी पकडला गेला तो मागे पडलेल्या रुमालावरच्या धोब्याच्या खुणेमुळे. त्या झुडपातल्या काठ्या तुमच्या आर्ट डायरेक्टरला सांगा. संकट जितकं दिसेल त्यापेक्षा जास्त आहे असं वाटायला लावणं ही पैशांची गोष्ट नाही, जागेच्या निवडीची आहे. खडकांच्या मागे कोण आहे हे दाखवलं नाही तर अलाबामा हिल्समधला प्रत्येक धोंडा संशयित होतो. बेटिकरनं तेच केलं.

आता गाडीच्या आत या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या पटकथांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

न्यू हॅम्पशर राज्यातल्या काँकर्ड गावात बनणारा कोच हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला. त्याचा सांगाडा लोखंडी स्प्रिंगांवर नसायचा, चामड्याच्या जाड पट्ट्यांच्या थरांवर टांगलेला असायचा. म्हणून तो आदळण्यापेक्षा झुलायचा, पुढे-मागे, पाळण्यासारखा. आत नऊ माणसं, तीन बाकांवर तीन-तीन. एकेकाच्या वाट्याला जेमतेम 15 इंच. पुढच्या बाकावरचे लोक मागे तोंड करून बसायचे, मधले आणि मागचे पुढे तोंड करून. मधल्या बाकाला पाठ नसायची, टेकायला नुसता चामडी पट्टा. पुढचे आणि मधले यांचे गुडघे एकमेकांत अडकलेले. मधल्या बाकावरच्याच्या मानेवर मागच्याचा श्वास.

ही माहिती सजावटीची नाही. कोण कुणाकडे बघू शकतो हे यातून ठरतं. मधल्या बाकावरच्या माणसाला मागे काय चाललंय ते दिसत नाही, त्यासाठी त्याला वळावं लागतं आणि वळणं सगळ्यांना दिसतं. मागच्या बाकावरचा सगळ्यांना पाहतो, त्याला पाहतात ते फक्त पुढच्या बाकावरचे. पिस्तूल कुणाकडे द्यायचं, गुपित कुणाला माहीत असू द्यायचं, हे बाकांवरून ठरवा. संकलनात नजरेला नजर जुळवणं हे माझं निम्मं काम. आसनं पटकथेतच पक्की असतील तर दहा शॉटमध्ये अख्खा प्रवास उभा राहतो. नसतील तर चाळीस शॉट काढूनही प्रेक्षकाला कोण कुठे बसलंय ते कळत नाही.

जॉन फोर्डचा 1939चा ‘स्टेजकोच’ हा स्वस्तातला चित्रपट नव्हता, पाच लाख डॉलरच्या वर गेला होता. तरी त्यातलं माझं आवडतं दृश्य जवळपास फुकटात होण्यासारखं आहे. ठाण्यावर जेवणाचं टेबल. गावानं हाकललेली डॅलस आणि लष्करी अधिकाऱ्याची कुलीन बायको शेजारी-शेजारी येतात. कुलीन बाईला ते सहन होत नाही. एक सभ्य गृहस्थ तिला खिडकीजवळ गार आहे म्हणून दुसऱ्या टोकाला नेतो. गाडीतल्याच रिंगोला वाटतं, आपण तुरुंगातून पळालेलो म्हणून लोक उठले. डॅलसला खरं कारण माहीत आहे. टेबल, चार खुर्च्या, एक गैरसमज. पंगतीत कुणाच्या शेजारी कोण बसतं यावरून माणसं ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून हे दृश्य मराठी प्रेक्षकाच्या पोटात थेट जातं. त्याच चित्रपटातला प्रसिद्ध पाठलाग, घोड्यांखाली आणि गाडीखाली जाणारा यकिमा कनटचा स्टंट, हे अफाट आहे. पण तो पाठलाग काम करतो कारण त्याआधी ते टेबल झालेलं आहे.

त्याच चित्रपटात मला न पटणारी गोष्टही सांगायलाच हवी. अपाची तिथे माणसं नाहीत, हवामान आहे. टेकडीवर ओळीनं दिसतात, ओरडतात, मरतात. मॉन्युमेंट व्हॅलीत राहणाऱ्या नावाहो लोकांनी त्या भूमिका केल्या, म्हणजे एका जमातीला दुसऱ्या जमातीचे बिनचेहऱ्याचे शत्रू व्हावं लागलं. पुढे शेकडो स्वस्त चित्रपटांनी हाच मार्ग धरला, कारण बिनचेहऱ्याच्या शत्रूला संवाद लिहावे लागत नाहीत. आज तो मार्ग धरू नका. ते अन्यायाचं आहे हे तर आहेच, पण कारागिरी म्हणूनही तो आळस आहे. ज्याला नाव नाही, इच्छा नाही, त्याची भीती दहा मिनिटं टिकते. अशरची अजून टिकून आहे.

तांत्रिक युक्त्यांबद्दल फार लिहीत नाही, त्या कुणीही शिकवेल. आतले शॉट उभ्या गाडीत, दोन माणसं बाहेरून दांड्यानं हलवतात, बाहेरून सावल्या फिरवतात. खिडकीचा चामडी पडदा खाली असेल तर बाहेरचं दृश्य दाखवायला मागे पडदाच नको आणि क्रोमाही (हिरवा पडदा) नको. रात्र दिवसा काढायची जुनी पद्धत आहे, पण आकाश फ्रेममध्ये घेतलं की ती उघडी पडते. सेकंदाला 24 फ्रेमवर आऱ्यांचं चाक कधी कधी उलटं फिरताना दिसतं, म्हणून चाकाचा इन्सर्ट (जवळून घेतलेला छोटा शॉट) दोन-तीन वेगांनी काढून ठेवा. एवढं पुरे.

आवाजाबद्दल मात्र हट्टानं सांगतो. कोचचा आवाज म्हणजे नुसत्या टापा नव्हेत. चामड्याच्या पट्ट्यांची करकर, साखळ्यांची किणकिण, खडीवरून घासत जाणारी चाकाची लोखंडी धाव, गाडीवानाचं तोंडानं चाललेलं घोड्यांशी बोलणं. हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड करा आणि पहिल्या अर्ध्या तासात प्रेक्षकाच्या कानाला त्याची सवय लावा. मग गाडी अडवली जाते तेव्हा एकेक आवाज काढून घ्या. आधी टापा. मग धाव. मग करकर, कारण गाडी थांबल्यावरही क्षणभर झुलत राहते. शेवटी फक्त घोड्यांचं फुरफुरणं आणि वारा. या जागी संगीत टाकायचा मोह प्रत्येक निर्मात्याला होतो. मी दरवेळी भांडतो. सवयीचा आवाज गेल्यावर येणारी शांतता आणि बाहेरून संगीत लावून आणलेली भीती यांत घरच्या भाकरीचा आणि हॉटेलच्या थाळीचा फरक आहे.

प्राण्यांबाबत तडजोड नको. त्या काळात घोड्याच्या पायाला तार बांधून त्याला पळता पळता पाडायचे. 1939च्या एका चित्रपटात घोडा कड्यावरून टाकला आणि तो मेला, त्यातून इतका संताप उसळला की हॉलिवूडच्या सेटवर प्राणिरक्षण संघटनेची देखरेख आली. भारतात चित्रीकरण करणार असाल तर घोडा असो वा बैल, चित्रीकरणाआधी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आणि नंतर सेन्सॉरसाठी त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. हा वेळ शेड्यूलमध्ये आधीच धरा. घोडा पडतो तो शॉट लिहूच नका. रिकामं खोगीर घेऊन परतलेला घोडा लिहा.

तर सुरुवात कुठून? कोऱ्या कागदावर तीन बाक काढा. नऊ चौकोन. सगळे भरू नका, पाच-सहा पुरेत, एखादी जागा रिकामी ठेवा म्हणजे वाटेत कुणी चढू शकेल. प्रत्येक नावाखाली दोन ओळी लिहा: हा काय लपवतोय, आणि जीव वाचवायला हा शेजारच्याबद्दल काय सांगून टाकेल. मग गाडी चढावावर थांबवा, बाहेरून एक आवाज येऊ द्या, तोही शक्यतो सभ्य. ‘उतरा’ म्हटल्यावर कोण आधी उतरतो आणि कोण बसून राहतो ते लिहा. ही बारा-पंधरा पानं आधी पूर्ण करा. ती उभी राहिली की मागे जा आणि गोळ्या मागणारा तो मुलगा शोधा. तो सापडेपर्यंत पहिलं पान लिहू नका.